हात वाळेपर्यंत

माझ्या मॅनेजरला स्पेनबद्दल ‘जनरल फॅक्ट्स’ हवे होते. अर्ध्या तासाच्या भाषणात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, स्लाइड्ससकट. आमच्या कंपनीनं पवनचक्क्यांच्या एका प्रकल्पासाठी स्पेनमधल्या एका कंपनीशी करार केला होता आणि आमच्या टीममध्ये स्पेनला राहून आलेली मी एकटीच. तो म्हणाला, “बुलफाइट, फ्लामेंको, सिएस्टा, असं सगळं थोडं थोडं घाल. लोक सँडविच खाता खाता ऐकतील.”

मी म्हटलं, “सँडविच खाऊन झाल्यावर ऐकतील.”

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी अजिबात गंमत करत नव्हते. त्या आठवड्यात माझं डोकं आधीच तापलेलं होतं, आणि त्याचं कारण ऑफिसात नव्हतं, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या माझ्या घरात होतं.

आधी स्पेनचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बुलफाइट म्हणे. मी तिथे तीन वर्षं काढली आणि ज्या बाईंच्या घरी भाड्यानं राहिले त्यांनी जन्मात कधी ती झुंज पाहिली नव्हती. फ्लामेंको दक्षिणेकडचा. मी होते ईशान्येला, एब्रो नदीकाठच्या सारागोसा शहरात. तिथे बोटांत लाकडी चिपळ्या वाजवत, उड्या मारत खोता नावाचा नाच करतात. त्यांना फ्लामेंको करून दाखवा म्हणणं म्हणजे माझ्यासारख्या नागपूरच्या बाईला कोळीनृत्य कर म्हणण्यासारखं आहे. पाएया नावाचा तो पिवळा भात व्हॅलेन्सियाकडचा, आणि तो कसा करावा यावरून तिथे सख्ख्या भावांत वाजतं. देश एक, पण उत्तरेला हिरवंगार आणि पावसाळी, मधे उंच कोरडं पठार, भाषाही एक नाही. कॅटलान वेगळी, गालिसियन वेगळी, बास्क तर कुणाचीच नातेवाईक नाही. हे सगळं अर्ध्या तासात सँडविचबरोबर कसं गिळायचं, सांगा.

सारागोसाच्या बाहेर पडलं की मला एकदम घरी आल्यासारखं व्हायचं. कापणी झालेली गव्हाची रानं, पांढुरकी माती, मधेच बदामाची आणि ऑलिव्हची झाडं, आणि वर असं ऊन की विदर्भातला मे महिना आठवावा. वायव्येकडून एक कोरडा वारा येतो, त्याला तिथे स्वतःचं नाव आहे आणि लोक त्याच्याबद्दल एखाद्या खडूस काकांबद्दल बोलावं तसं बोलतात. त्याच वाऱ्यावर आमच्या पवनचक्क्या चालायच्या आणि माझी नोकरीही.

घरमालकीण बाई सत्तरीच्या पुढच्या, विधवा, मूळच्या खेड्यातल्या. दारावरच्या पाटीवर त्यांची स्वतःची दोन आडनावं होती, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. तिथे लग्न झालं म्हणून बायका आडनाव बदलत नाहीत आणि मुलांना दोघांकडचं एकेक मिळतं. मला ते इतकं आवडलं की मी पुढे लग्नात माझं आडनाव सोडलं नाही. त्यावरून सासरी बरंच रामायण झालं, पण तो विषय आत्ता नको.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून वरणभात खात होते. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. बाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. म्हणजे अक्षरशः काढून घेतली.

“या घरात उभ्यानं कुणी जेवत नाही,” त्या म्हणाल्या. “मी पुष्कळ वर्षं उभ्यानं जेवले. तेवढं पुरे झालं.”

त्यांच्या लग्नानंतर शेतावर पुरुषांची पंगत बसायची आणि त्या चुलीशी उभ्या राहून, भांड्यातलं खरवडून खायच्या. ते मला पुढे कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त खिडकीची झडप ओढून ऊन बंद केलं, टेबलावर कापड घातलं, माझी वाटी त्यावर ठेवली आणि स्वतःही ताट घेऊन समोर बसल्या. अडीच वाजले होते. तिथे दुपारचं जेवण तेव्हाच होतं आणि रात्रीचं नऊ-दहाला.

खरी गोष्ट जेवण संपल्यावर सुरू झाली. मी उठायला लागले तर त्यांनी भुवया उंचावल्या. मग पीच आले. त्यांनी सुरीनं सबंध पीचची साल एका लांब पट्टीत काढली, फोडी माझ्याकडे सरकवल्या. मग कॉफी. मग शेजारीण आली. मग त्या दोघी एका मेलेल्या मेयरवरून कडाकडा भांडल्या, मला वाटलं आता पोलीस येणार, आणि मग दोघी हसत हसत उठल्या तेव्हा बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. या जेवणानंतरच्या बसण्याला स्पॅनिशमध्ये नाव आहे, सोब्रेमेसा. रविवारी तर हे असं संध्याकाळपर्यंत चालतं. हॉटेलातसुद्धा तुम्ही मागितल्याशिवाय वेटर बिल आणत नाही, कारण न मागता आणलं तर उठा आता म्हटल्यासारखं होतं.

आणि सिएस्टा? त्यावरून तर माझं इथे किती जणांशी वाजलंय. ऑफिसात जाणारा कुणी दुपारी पांघरूण घेऊन झोपत नाही हो. दुकानं दुपारी बंद होतात आणि पुन्हा उघडून रात्री आठ-साडेआठपर्यंत चालतात. सुटीच्या दिवशी कुणी आडवं झालंच तर आपल्याकडे त्याला वामकुक्षी म्हणतात. आपली ती वामकुक्षी आणि त्यांचा तो आळशीपणा, हा कुठला न्याय?

तर हे सगळं घेऊन मी अमेरिकेत आले, लग्न केलं, मुलगी झाली, ती आता चौदा वर्षांची आहे. आणि माझ्या घरात काय चालू होतं? नवरा कीबोर्डशेजारी बाउल ठेवून कॉल्सवर. मुलगी वरच्या खोलीत स्क्रीनसमोर. मी गाडीत, सिग्नलला पोळीचा रोल. इतकं सवयीचं की आम्हाला ते दिसतही नव्हतं. ते दिसलं बाबा आल्यावर.

आई मागच्या वर्षी गेली. बाबा वीज मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, नागपुरात फ्लॅटवर एकटे. शेजारच्या काकूंनी मला फोन केला. “बेटा, तुझे बाबा काही खात नाहीत. डबा लावला होता, तो दारातच राहते. चहा आणि बिस्किटं, बस. पँट कमरेवर राहत नाही त्यांची.” मी दोन आठवड्यांत जाऊन त्यांना घेऊन आले.

इथे ते जेवत होते, पण कसे? साडेबाराला स्वतःच ताट वाढून मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचे. आमच्या सहा खुर्च्यांच्या टेबलाच्या एका टोकाला एकटे बसायचे. मान खाली, शब्द नाही. जेवण संपताक्षणी उठायचे, ताट धुवायचे, पुसायचे, जागेवर ठेवायचे आणि खोलीचं दार लोटून घ्यायचे. एक दिवस माझ्या नवऱ्याला म्हणाले, “जावईबापू, माझं पुढच्या महिन्याचं तिकीट काढा. इथं जेवायला बसलं की स्टेशनावर बसल्यासारखं वाटतं.”

नवऱ्यानं तिकीट काढलं. काय करणार, सासऱ्यांचा शब्द. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बाबा परत गेले तर पुन्हा बिस्किटं सुरू होणार, पुन्हा काकूंचा फोन येणार, आणि त्यानंतरचा फोन कसला असेल हे मला कळत होतं. मी ते होऊ देणार नव्हते. एवढी एकच गोष्ट त्या महिन्यात माझ्या डोक्यात होती.

म्हणून मी जाहीर केलं. दर रविवारी दोन वाजता सगळ्यांनी टेबलाशी बसायचं. फोन दुसऱ्या खोलीत. आणि जेवण झाल्यावर कुणी उठायचं नाही.

“आय हॅव सॉकर,” मुलगी म्हणाली.

“कॅन्सल कर.”

“मॉम, सीरियसली?”

“सीरियसली.”

नवरा म्हणाला, “यार, तू एकदम मार्शल लॉ लावतेयस.” मी म्हटलं, हो, लावतेय. आमच्या मराठी ग्रुपातल्या एका काकूंनी फोन करून विचारलं की रविवारच्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, का येत नाही. मी सांगितलं की रविवारी आम्ही घरी जेवतो. त्या म्हणाल्या, “अगं, जेवण तर तिथेही आहेच की.” आहे ना. कागदी ताटलीत, गराजमध्ये उभ्यानं, चाळीस माणसांत कुणाशीही पूर्ण वाक्य न बोलता. बाबांना मी एकदा नेलं होतं. ते ताटली धरून भिंतीशी उभे राहिले आणि गुलाबजाम खाऊन गाडीत जाऊन बसले.

पण माझ्या रविवारचा बट्ट्याबोळ कुणी केला? बाबांनीच. पहिल्या रविवारी मी भरल्या वांग्याची भाजी केली, वरण, भात, कोशिंबीर. सगळे बसले. बाबा मुकाट जेवले, हात जोडले, ताट उचललं आणि उठले.

“बाबा, बसा ना जरा.”

“झालं माझं.”

“आमचं व्हायचंय अजून.”

“खरकट्या हातानं बसून राहू नये,” ते म्हणाले आणि नळ सुरू झाला. मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की आता मीही जाऊ का. ती गेली. नवऱ्याचा फोन दुसऱ्या खोलीत वाजत होता, तोही गेला. मी एकटी ताटासमोर बसून राहिले आणि मला भयंकर राग आला.

हे काही नवीन नव्हतं. आमच्या घरात कायम असंच. अमरावतीला मामाकडे जेवणं झाली तरी कुणी हलायचं नाही, हात ताटात वाळून कडक व्हायचे, मामी ओरडायची, तरी गप्पा सुरूच. म्हणजे सोब्रेमेसा मला स्पेनमध्ये पहिल्यांदा भेटली असं नाही, फक्त तिथे त्याबद्दल कुणी ओरडत नव्हतं. आमच्या घरी मात्र बाबा आणि मी आधी बसायचो, आई वाढायची. बाबा घाईघाईनं जेवून उठून जायचे. जेवताना बोललेलं चालायचं नाही. मला लहानपणी वाटायचं की या माणसाला आमच्यात बसायचंच नाहीये.

पुढच्या आठवड्यात माझं ऑफिसातलं ते भाषण झालं. मी एकही स्लाइड केली नाही. मीटिंग रूममध्ये सगळे सँडविच आणि लॅपटॉप घेऊन आले. मी म्हटलं, लॅपटॉप मिटा, आधी जेवा, एकमेकांशी बोला, मग मी बोलते. एका अभियंत्यानं विचारलं, कशाबद्दल बोलू? मी म्हटलं, काहीही, फक्त काम सोडून. लोक अवघडून चावत राहिले. मग त्याच अभियंत्यानं शेजारच्या बाईला विचारलं की तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं, आणि तिनं सांगायला सुरुवात केली. मी नंतर दहाच मिनिटं बोलले. मॅनेजरनं वेळ वाया गेल्यासारखं तोंड केलं. करू दे.

खरी ठिणगी दोन दिवसांनी पडली. त्या दिवशी मी घरून काम करत होते, जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडून. बाबा सोफ्यावर वर्तमानपत्र, म्हणजे टॅबलेटवर नागपूरचं, वाचत होते. मॅनेजरनं कॉलवर सांगितलं की स्पेनच्या टीमबरोबर रोजची मीटिंग आपल्या सकाळी आठला ठेवलीय.

“आपले आठ म्हणजे त्यांचे दुपारचे तीन,” मी म्हटलं. “ते तेव्हा जेवत असतात.”

“मग कॅमेरा बंद ठेवून खातील.”

“नाही खाणार. आणि खाऊ नये. साडेनऊला ठेवा, ते तोवर परत येतात आणि नंतर बराच वेळ कामावर असतात.”

“साडेनऊला माझं दुसरं आहे.”

“मग दुसरं हलवा. त्यांच्या टेबलाशी त्यांची म्हातारी आई बसलेली असेल, तिला हलवता येत नाही.”

तो थंडपणे म्हणाला, “तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?”

“जेवणाऱ्यांच्या,” मी म्हटलं.

माझा आवाज चढला होता, ते मला कॉल संपल्यावर कळलं. नोकरीत असं बोलायचं नसतं, व्हिसा नोकरीवर टांगलेला होता त्या दिवसांत तर मी कुणापुढे ‘चूं’सुद्धा केलं नव्हतं. पण आता म्हटलं ते म्हटलं. संध्याकाळी मीटिंगची वेळ बदलून साडेनऊ झाली, एका शब्दाच्या स्पष्टीकरणाशिवाय.

बाबांनी टॅबलेट खाली ठेवला होता. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येतं. “कोण आहेत ती माणसं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाहीत. मी त्यांना भेटलेलेही नाही.”

“मग एवढी का भांडलीस?”

“कारण जेवताना माणसाला उठवू नये, बाबा. मला तिथल्या एका बाईनं शिकवलंय.” आणि मग राहवेना म्हणून मी बोलून टाकलं, “तुम्हाला कुणी उठवत नाही, तरी तुम्ही उठता. आयुष्यभर उठलात.”

बाबांनी चष्मा पुसला आणि ते खोलीत गेले. दार मात्र उघडंच राहिलं.

त्यांच्या विमानाआधीचा शेवटचा रविवार आला. बाहेर ह्यूस्टनकडची ती चिकट उन्हाळी दुपार, श्वास घेतला तरी घाम. मी पडदे ओढले, टेबलावर कापड घातलं आणि स्पेनच्या माझ्या घरमालकीण बाईंची भाजी केली, काबुली चणे, पालक, लसूण, वरून लाल मिरचीची धुरकट वासाची पूड. ईस्टरआधीच्या उपासात तिथे मांस खात नाहीत तेव्हा ही करतात. सोबत पोळ्या, कारण मी काही स्पॅनिश नाही. मी वाढत होते, पोळ्या गरम गरम आणून टाकत होते. बाबा म्हणाले, “ही तर आपली छोल्यांची पातळ भाजी.” नवरा हसला. मुलगी म्हणाली, “आजोबा, एव्हरीथिंग इज आपली भाजी.” बाबाही थोडे हसले.

मग त्यांचं जेवण झालं. हात जोडले. ताटाला हात लावला. मी शेवटची पोळी घेऊन नुकती खुर्चीवर बसत होते, माझं ताट कोरं होतं. महिनाभर भांडून माझ्यातलं बोलणं संपलं होतं.

बाबा अर्धे उठले आणि थांबले. माझ्या कोऱ्या ताटाकडे बघत राहिले.

“तुझी आई अशीच,” ते म्हणाले. “मी उठेपर्यंत बसायची नाही. किती वेळा सांगितलं, बसत जा. नाही. आम्ही उठल्याशिवाय घास घ्यायची नाही. पोळी गार, भाजी गार. म्हणून मी भराभरा जेवायचो. बोललो तर वेळ जाईल म्हणून बोलायचो नाही. मी उठलो की ती बसायची.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला सगळं मराठी कळलं होतं.

मला रडू येत होतं, पण रागही आला, आणि तो मी गिळला नाही. “बाबा, मग तिचं ताट वाढून तिला तुमच्या शेजारी ओढून का नाही बसवलं? कधीच?”

“सुचलं नाही गं,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, “मी नाही तुमच्या उठण्याची वाट बघणार. मी जेवतेय. तुम्ही बसा.” आणि मी भाजी वाढून घेतली आणि पोळीचा तुकडा मोडला.

बाबा खाली बसले. नवरा पीचच्या फोडी करायला लागला, अगदी वाकड्यातिकड्या. मुलीनं आजीला पोळ्या गोल यायच्या का असं विचारलं आणि बाबांनी सांगितलं की लग्नानंतर वर्षभर नुसते नकाशे यायचे, आणि ते तिला कधी बोलून दाखवता आलं नाही कारण जेवताना बोलायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला. ती खो खो हसली. ते पुढचं सांगायला लागले. मी मुद्दाम हळूहळू जेवत होते. माझी भाजी गार झाली होती आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

नवऱ्यानं हळूच विचारलं, “बाबा, ते तिकीट...”

“थांबा हो, जावईबापू,” बाबा म्हणाले. त्यांचा उजवा हात ताटात तसाच होता, वाळून पांढरा झालेला. “तिला जेवू द्या आधी.”